मशीन रूमची किल्ली

बाप : किल्ली खिळ्यावर नाही असं मी म्हणतच नाही. खिळ्यावर आहे. पण उलटी आहे.

मुलगा : किल्लीला उलटं-सुलटं काय असतं?

बाप : माझ्या किल्ल्यांना असतं. नंबराचा पत्रा माझ्याकडे, दात भिंतीकडे. एकतीस इमारतींच्या गच्चीवर लिफ्टच्या मोटरच्या एकतीस मशीन रूम. एकवीस वर्षं लिफ्टची कामं करतोय, न बघता हात टाकला तरी पाहिजे ती किल्ली हातात येते. आज आली नाही.

मुलगा : तुम्हीच लावली असेल घाईत.

बाप : बरं, मीच लावली. मग तिच्या दातांत हे काय अडकलंय? इकडे ये, उजेडात बघ.

मुलगा : धूळ असेल.

बाप : धूळ अशी चमकत नाही. पितळेचा कीस आहे तो. आणि ही किल्ली लोखंडाची आहे. म्हणजे कुणीतरी हिच्याशेजारी पितळेची किल्ली घासली. दुसरी करून घेतली.

मुलगा : मला का सांगताय?

बाप : घरात आपण तिघं. तुझ्या आईला या फळीवर कोणती किल्ली कुठली हे माहीत नाही. तुला आठव्या वर्षापासून पाठ आहे.

मुलगा : म्हणजे मीच. नेहमीसारखं. काही हरवलं, काही बिघडलं की मीच.

बाप : मी अजून तुझं नाव घेतलेलं नाही.

मुलगा : घेतल्यातच जमा आहे.

बाप : आज सकाळी तुझ्या आत्याच्या व्हॅनचा आरसा बसवून द्यायला गेलो होतो. सहज म्हटलं, पोरगं शाळेत जाताना तुला त्रास देत नाही ना? तिने आधी व्हॅनचं दार लावून घेतलं. मग म्हणाली, पाच आठवडे झाले, तो माझ्या व्हॅनमध्ये बसलेलाच नाही.

मुलगा : तिने शब्द दिला होता, सांगणार नाही म्हणून.

बाप : पाळला तिने. पाच आठवडे पाळला. मी विचारलं तेव्हा मात्र तिला खोटं बोलता आलं नाही. घरात सगळ्यांना सगळं माहीत, मी तेवढा भाडेकरू. कुठे असतोस दिवसभर?

मुलगा : टायरवाल्याच्या मागे खोली आहे. तिथे.

बाप : काय करता तिथे?

मुलगा : गेम खेळतो. कॉम्प्युटर आहेत सहा.

बाप : तासाला किती घेतात?

मुलगा : काही नाही.

बाप : वीज त्याची, कॉम्प्युटर त्याचे, आणि तो काही घेत नाही. मग तो खातो काय?

मुलगा : तुम्हाला प्रत्येक गोष्टीत काहीतरी काळंबेरं दिसतं. मास्तर तसे नाहीत.

बाप : मास्तर. काय शिकवतो?

मुलगा : शिकवत नाहीत. ऐकतात.

बाप : काय ऐकतो?

मुलगा : आम्ही जे बोलतो ते. मी त्यांना शाळेतला मोबाइल चोरीचा सगळा प्रकार सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला. मध्ये उठले नाहीत, घड्याळ बघितलं नाही.

बाप : ती गोष्ट संपली कधीच.

मुलगा : तुमची संपली. हेडसरांच्या केबिनमध्ये आलात, मला एक शब्द न विचारता सगळ्यांसमोर कानाखाली मारलीत, माफीच्या कागदावर सही केलीत आणि कामावर गेलात. मी तिथेच उभा होतो.

बाप : मोबाइल तुझ्या बाकापाशीच गायब झाला होता.

मुलगा : प्रयोगशाळेच्या ड्रॉवरमध्ये सापडला. बारा दिवसांनी. वर्गाच्या बाईंनी मला व्हरांड्यात गाठून हळूच सांगितलं. चोर म्हणाल्या होत्या त्या अख्ख्या वर्गासमोर. आणि सापडल्याचं एकट्याला, व्हरांड्यात.

बाप : हे मला का नाही सांगितलंस?

मुलगा : सांगायला आलो होतो. तुम्ही जेवत होता. म्हणालात, तो विषय आता घरात नको.

बाप : …असं म्हणालो मी?

मुलगा : आईला विचारा.

बाप : ठीक आहे. ते माझं चुकलं. त्याचं बघू आपण. पण किल्लीचं आत्ता सांग. हा नंबर सात मजल्यांच्या इमारतीचा आहे, पुलापलीकडच्या. कुणाला दिलीस?

मुलगा : कुणाला नाही.

बाप : त्या इमारतीत तुझा काका राहतो. माझा कामावरचा जोडीदार. त्याची लेक राहते, छोटी.

मुलगा : तो माझा काका नाही.

बाप : त्याच्या खांद्यावर बसून जत्रेतले पाळणे बघितलेस तू. खारू म्हणायचा तो तुला.

मुलगा : लहान होतो. कळत नव्हतं. पलीकडचे सगळे सारखेच. आधी गोड बोलतात, मग आपल्या जागा बळकावतात.

बाप : हे कुणाचं बोलणं आहे? तोंड तुझं आहे, बोलणं तुझं नाही.

मुलगा : खोटं आहे का? कंपनीने सुपरवायझर कुणाला केलं? तुम्ही त्याच्या आधी लागलात. काम तुम्ही त्याला शिकवलंत. आणि साहेब तो झाला.

बाप : मास्तरला माझ्या कंपनीतलं कुठून कळलं?

मुलगा : मी सांगितलं. आणि मला तुम्ही सांगितलंत. याच खोलीत, आईला सांगत होता. त्यांची माणसं वर चढतात, आपण खालीच सडतो. किती वेळा म्हणालात.

बाप : घरात माणूस काहीबाही बोलतो.

मुलगा : मी ऐकत होतो ना.

बाप : ऐक मग. ती जागा आधी मलाच देत होते. मी नको म्हटलं.

मुलगा : काहीतरीच.

बाप : सुपरवायझरला रोज रिपोर्ट लिहावा लागतो. पानभर. मला चार ओळी लिहायच्या तर घाम फुटतो. साहेबांपुढे हसं होईल, म्हणून मीच म्हटलं, त्याला द्या. घरी यायचं आणि तुझ्या आईला हे सांगायचं, ते जमलं नाही. मग जे तोंडात आलं ते बोललो.

मुलगा : मग सहा महिने ते सगळं…

बाप : सहा महिने खोटं बोललो. झालं समाधान? आता तू खरं बोल. किल्ली कशासाठी हवी होती त्यांना?

मुलगा : गच्चीवरून बॅनर सोडायचाय. एवढंच. पलीकडच्यांना दाखवायला, की आम्ही तुमच्या घरात शिरून वर चढू शकतो. फोटो काढायचे आणि यायचं.

बाप : गच्चीचं दार उघडंच असतं. बॅनर सोडायला मशीन रूम कशाला लागते?

मुलगा : माहीत नाही. बॅनरची दोरी बांधायला असेल.

बाप : तुला विचारलं नसेल ना कुणी, लिफ्ट कशी बंद करतात ते?

मुलगा : …चष्म्याने विचारलं होतं. आमच्यातलाच एक मुलगा आहे, त्याला चष्मा म्हणतात. मी सांगितलं. मेन स्विच पाडला की लिफ्टचा डबा जिथे असेल तिथेच थांबतो. ते काय गुपित आहे? तुम्हीच दाखवलंय मला.

बाप : आणखी काय सांगितलंस?

मुलगा : सगळे माझ्याकडे बघत होते, बाबा. मास्तर म्हणाले, बघा, याला म्हणतात कामाचं ज्ञान. मला आजवर कुणी असं…

बाप : आणखी काय? बॅनर, किल्ली, अजून काय नेणार आहेत?

मुलगा : थिनर. एक डबा.

बाप : थिनर कशाला?

मुलगा : भिंतीवर रंगाने लिहायचंय. रंगात घालायला.

बाप : मग रंगाचा डबा कुठे आहे?

मुलगा : असेल कुणाकडे तरी.

बाप : रंग कुठे आहे?

मुलगा : रंग नाही बघितला मी.

बाप : आज कोणता वार?

मुलगा : रविवार.

बाप : रविवारी त्या सातव्या मजल्यावर काय असतं?

मुलगा : गणिताचा वर्ग. पलीकडच्या पोरांचा. पण मास्तर म्हणाले, वर्ग सुटल्यावर जायचं. पोरं खाली गेल्यावर.

बाप : किती वाजता?

मुलगा : वर्ग पाचला सुटतो. ते पावणेपाचला चढणार.

बाप : सुटल्यावर जायचं, तर पावणेपाचला कशाला चढायचं?

मुलगा : मी परवा विचारलं होतं. मास्तर म्हणाले, घाबरलास का? चोराचा शिक्का लागला तेव्हा नाही घाबरलास, आता घाबरलास? सगळे हसले. मग मी पुढे विचारलं नाही.

बाप : पाच वाजता वीस पोरं लिफ्टपाशी रांग लावतात. आठ आत शिरतात. डबा दोन मजल्यांच्या मध्ये थांबला, आणि वर मशीन रूममध्ये त्या थिनरला कुणी काडी लावली. तुला चित्र दिसतंय ना आता? तू तर मशीन रूम बघितली आहेस. त्या खोलीत सांडलेलं थिनर कुठे जातं?

मुलगा : शाफ्टमध्ये. लिफ्टच्या पोकळीत, खाली.

बाप : फोन आण माझा. किती वाजले?

मुलगा : चार वाजून दहा.

बाप : स्पीकरवर टाक. लाव काकाला.

जोडीदार : बोला मिस्त्री. रविवारी तुमचा फोन म्हणजे कुणीतरी नक्की लटकलंय मध्ये.

बाप : कुठे आहेस?

जोडीदार : सातव्या मजल्यावर, वर्गाच्या मागच्या बाकावर. लेकीला अपूर्णांक येतात, मला येत नाहीत. बाई माझ्याकडेच बघून हसतायत.

बाप : नीट ऐक. पोरांना लिफ्टने उतरवू नकोस. एकालाही नाही. आत्ताच्या आत्ता जिन्याने खाली. आणि मशीन रूमची किल्ली…

जोडीदार : किल्ली दुसरी करून घेतलीय कुणी, असंच ना?

बाप : तुला कसं माहीत?

जोडीदार : पोरगा आहे का तिथे शेजारी?

बाप : आधी तू सांग. तुला कसं माहीत?

जोडीदार : पुलाखालच्या किल्लीवाल्याने सांगितलं, गेल्या सोमवारी. म्हणाला, मिस्त्रींचा मुलगा येऊन गेला, तुमच्या इमारतीची किल्ली करून घेतली, तुम्हीच पाठवला होता ना? मी म्हटलं हो. आणि त्याच संध्याकाळी मशीन रूमचं कुलूप बदललं. तुमच्या खिळ्यावरची किल्ली आता नुसती शोभेची आहे.

बाप : आठवडा झाला. रोज आपण एका गाडीत बसतो. रोज जेवणाचा डबा समोरासमोर उघडतो. आणि तू मला बोलला नाहीस.

जोडीदार : नाही बोललो.

बाप : का? काय शिजत होतं तुझ्या मनात?

जोडीदार : मला वाटलं, पोरं गच्चीवर सिगारेट ओढायला जात असतील. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याला बडवलं असतं. तुमचा हात मला माहितीय मिस्त्री, मी तुमच्या हाताखाली काम शिकलोय.

बाप : माझा पोरगा, आणि ठरवणार तू?

जोडीदार : माझीही लेक याच इमारतीत चढते-उतरते. पण हे भांडण आपण नंतर करू. तुम्ही जिना का म्हणालात, ते सांगा.

बाप : थिनरचा डबा आहे त्यांच्याकडे.

जोडीदार : …कुठे?

मुलगा : गच्चीवर. पाण्याच्या टाकीमागे, गोणपाटाखाली.

जोडीदार : ते तुला कसं ठाऊक, खारू?

मुलगा : मीच ठेवलाय. शुक्रवारी.

बाप : तू?

मुलगा : वॉचमनने अडवलं नाही. तुमचा मुलगा म्हणून त्याने उलट लिफ्टचं दार धरून ठेवलं.

जोडीदार : बरं. कोण येणार आहे?

मुलगा : दोघं. चष्मा आणि त्याच्याबरोबर एक मोठा, तो वीस-बावीसचा आहे. काका, ते मागच्या जिन्याने येतील. पुढे वॉचमन असतो म्हणून. पोरांना मागून नका नेऊ.

जोडीदार : मागून नाही नेत. दोन पालक आहेत इथे, त्यांना टाकीपाशी उभं करतो. वॉचमनला सांगतो, ते वर चढले की खालचं मागचं फाटक लावून घे. तुम्ही पोलिसांना फोन करा, मिस्त्री. मी केला तर पलीकडचा माणूस पलीकडूनच कांगावा करतोय म्हणतील. तुम्ही केलात तर लवकर येतील. वाईट वाटून घेऊ नका, पण असंच आहे ते.

बाप : करतो. निघतोच आहोत आम्ही.

मुलगा : काका, छोटी…

जोडीदार : हात धरलाय मी तिचा. ठेवतो फोन.

बाप : चप्पल घाल.

मुलगा : मी पण?

बाप : तू पण. ते दोघं कसे दिसतात हे मला कुठे माहीत? आणि तुला एकट्याला मी इथे सोडणार नाही.

मुलगा : मी पळून जाईन असं वाटतंय तुम्हाला?

बाप : हो, वाटतंय. खोटं कशाला बोलू? आज तरी वाटतंय. चल.

(त्याच संध्याकाळी, साडेसातच्या सुमारास. पोलीस चौकीचा व्हरांडा, लाकडी बाक.)

जोडीदार : पाणी घ्या. सगळ्यांनी घ्या, बाटली एकच आहे.

बाप : पोरं?

जोडीदार : घरी पोचली सगळी. त्यांना सांगितलं, लिफ्टला ग्रीस लावायचंय. एकाने विचारलं, काका, गणिताच्या वर्गातून उठून ग्रीस? हुशार आहे, आपल्याकडे घेऊ त्याला.

बाप : आणि ते दोघं?

जोडीदार : नव्या कुलपात जुनी किल्ली घालून पाच मिनिटं हिसडत होते. मोठ्याने मग पहार काढली. आम्हाला बघितल्यावर चष्म्याला आमच्या अंगावर ढकललं आणि तो पाइप धरून उतरला. पळाला. चष्मा तिथेच बसून राहिला. सोळाचा आहे म्हणे. चष्मा फुटलाय त्याचा, त्याला धड दिसतही नव्हतं.

मुलगा : मास्तर?

जोडीदार : पोलीस टायरवाल्याकडे जाऊन आले. खोली रिकामी. टायरवाला म्हणतो, सकाळी आठपासून टेम्पोत सामान भरत होता. कॉम्प्युटर, खुर्च्या, पंखासुद्धा.

मुलगा : सकाळी आठपासून?

जोडीदार : हो.

मुलगा : मी दहा वाजता मेसेज केला होता त्यांना. म्हणाले, संध्याकाळी सगळे खोलीवर जमू. तू पण ये, तुझ्याशिवाय मजा नाही.

बाप : सापडणार तर तुम्ही पोरंच होता. किल्ली तू आणलीस, डबा तू ठेवलास. वॉचमनने तुझाच चेहरा सांगितला असता.

मुलगा : मला कळलंय ते, बाबा. पुन्हा पुन्हा नका सांगू.

बाप : नाही सांगत.

जोडीदार : मी निघतो आता. घरी वाट बघतायत.

बाप : थांब. याच्यासमोरच सांगायचंय. त्या सुपरवायझरच्या जागेबद्दल मी घरी खोटं बोललो होतो. तू ती घेतलीस, असं.

जोडीदार : अंदाज होता मला. बढती झाली तेव्हा वहिनींनी साधं अभिनंदनही केलं नाही, आणि माझ्या लेकीचा स्वेटर अर्धा विणलेला तसाच परत पाठवला.

बाप : मग तू मला विचारलं का नाहीस?

जोडीदार : विचारून काय करणार होतो? तुम्ही अजून दोनदा खोटं बोलला असता. रिपोर्ट मी लिहितो, मशीन तुम्ही ऐकता, काम चाललं होतं.

मुलगा : काका.

जोडीदार : बोल.

मुलगा : मी उद्या येऊ का घरी? छोटीला…

जोडीदार : नको.

मुलगा : नको?

जोडीदार : माझी बायको दार उघडणार नाही. आणि खरं सांगायचं तर मीही उघडेन की नाही, मला माहीत नाही. दुपारी फोनवर तू बोललास, मागचा जिना सांगितलास, त्यामुळे आम्ही वेळेत सावध झालो. ते मी विसरणार नाही. पण तो डबा तू सात मजले वर नेलास. तोही लगेच विसरणं जमायचं नाही मला.

मुलगा : बरं.

जोडीदार : उद्या कामावर मला जेवणाचा डबा मोठा लागेल, मिस्त्री. आज जेवण जाणार नाही. येतो.

बाप : ये.

मुलगा : रागावलेत का ते?

बाप : घाबरलाय. राग त्यानंतर येईल. आला की सोसू.

मुलगा : आईला सांगितलं?

बाप : दुकान बंद करून निघालीय. फोनवर रडली नाही. म्हणाली, त्याला काही खायला दिलंस का?

मुलगा : आत काय विचारतील?

बाप : साध्या कपड्यातल्या त्या बाई आहेत ना, त्या विचारणार आहेत. मुलांचीच प्रकरणं बघतात म्हणे. मला शेजारी बसू देतील.

मुलगा : बसा. पण मध्ये बोलू नका.

बाप : नाही बोलणार.

मुलगा : मी सगळं सांगणार आहे. तुम्ही घरी काय बोलायचात, तेही. हेडसरांच्या केबिनमधलंही.

बाप : सांग.

मुलगा : आणि माझं पण. मला कळलं होतं, बाबा. पूर्ण नाही, पण परवा सगळे हसले ना, तेव्हाच कळलं होतं की बॅनरचं काहीतरी खोटं आहे. तरी मी घरी येऊन झोपलो.

बाप : …तेही सांग.

मुलगा : मला कोंडून ठेवतील का?

बाप : माहीत नाही. खरंच माहीत नाही. आज रात्री घरी सोडतील असं त्या बाई म्हणाल्या, पण पुढचं कुणी धड सांगत नाही. शाळेत उद्या मी जातो. मोबाइलचं त्यांनी अख्ख्या वर्गासमोर सांगायचं, हे त्यांच्याकडून लिहून घेतो.

मुलगा : तुम्ही लिहून घेणार?

बाप : ते लिहितील. मी सही करायच्या आधी या खेपेला वाचेन. तू शेजारी बस, अडलं तर वाचून दाखव.

मुलगा : बाबा, त्या खिडकीतून दिसतोय का बघा, चष्मा आहे का आत?

बाप : आहे. भिंतीकडे तोंड करून बसलाय.

मुलगा : त्याच्या घरून कुणी आलंय?

बाप : हवालदार दोनदा फोन लावून आला. कुणी उचलत नाही.

मुलगा : उचलणारच नाहीत. त्याचे वडील दुसरीकडे राहतात, आणि आईने त्याला कधीच घराबाहेर काढलंय. तो त्या खोलीतच झोपायचा. मास्तरच्या.

बाप : म्हणजे आज त्याला जायला जागाच नाही?

मुलगा : नाही.

बाप : ठीक आहे. बाई बोलावतायत, ऊठ. तुझं झालं की आपण लगेच निघायचं नाही.